ओ-थ्री फिल्टर, मृगातली हिरवी रेषा आणि पुण्याचे कावसजी नायगमवाला

आकाश निरीक्षणाचं सामान विकणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर गेलात, तर दुर्बिणी, आयपीस आणि बार्लो लेन्सच्या खाली फिल्टरचा एक वेगळा विभाग दिसेल. त्यात ओ-थ्री नावाचा एक फिल्टर असतो. दिसायला काळपट काचेची चकती, आणि किंमत बघितली की पहिला प्रश्न हाच पडतो की एवढ्याशा काचेत असं आहे तरी काय? उत्तर सोपं आहे. ही काच ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटर या दोन हिरवट रंगांच्या आसपासचा प्रकाश तेवढा आत सोडते, बाकीचा जवळजवळ सगळा अडवते. आणि बरेचसे तेजोमेघ आपला प्रकाश नेमका याच रंगांत ओततात.

आमच्या भिवंडीत राहणाऱ्याला या फिल्टरचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. अंजूर फाट्यापासून माणकोलीपर्यंत गोदामांचे दिवे रात्रभर चालू असतात. आकाश काळं नसतं, राखाडी असतं. त्या राखाडीतून तेजोमेघ वेगळा काढायचा तर त्याचा रंग नेमका माहीत हवा.

तो रंग माहीत आहे कारण १९ व्या शतकात काही लोकांनी दुर्बिणीला स्पेक्ट्रोस्कोप लावून या एका रेषेवर वर्षानुवर्षं भांडणं केली. त्या भांडणात पुण्यातून एक साक्ष गेली होती, आणि ती साक्ष देणाऱ्याने आपल्याच मार्गदर्शकाच्या लाडक्या सिद्धांताला धक्का दिला होता. त्याचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. इतिहास म्हणून त्यांचं आयुष्य वाचण्यासारखं आहेच, पण दुर्बीण घेण्याच्या विचारात असाल तर त्यातून ऑप्टिक्सही बरंच शिकायला मिळतं.

पाच हजार रुपये आणि एक प्रयोगशाळा

नायगमवालांचा जन्म १८५७ चा. पारशी कुटुंब, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, विषय भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. १८७८ साली एम. ए. झाले आणि १८८२ मध्ये त्याच कॉलेजात प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवायला लागले.

त्या काळात भौतिकशास्त्रातलं सगळ्यात गरम क्षेत्र होतं स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे प्रकाश फोडून त्यातले रंग वाचणं. आज एआयकडे जशी तरुण पोरं धावतात, तसं तेव्हा याचं होतं. ज्योतीत मीठ टाकलं की ठरावीक जागी पिवळी रेषा येते, आणि तीच रेषा सूर्याच्या प्रकाशात सापडली तर सूर्यात सोडियम आहे हे घरबसल्या कळतं. हजारो वर्षं माणूस तारे कुठे आहेत एवढंच मोजत होता. आता ते कशाचे बनलेत हे विचारता येणार होतं.

नायगमवालांना कॉलेजात यासाठी प्रयोगशाळा हवी होती. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. आजच्या भाषेत मॅचिंग ग्रँट. मनात चित्र होतं ते टेबलावरच्या प्रयोगशाळेचं. दुर्बिणीचा त्यात विचार नव्हता.

लंडनमध्ये प्लॅन बदलला

१८८४ मध्ये उपकरणं खरेदी करायला नायगमवाला इंग्लंडला गेले. तिथे त्यांची भेट राजज्योतिषी विल्यम ख्रिस्ती आणि नॉर्मन लॉकियर यांच्याशी झाली. हे दुसरं नाव लक्षात ठेवा. लॉकियर म्हणजे त्या काळच्या सौर स्पेक्ट्रोस्कोपीतलं सगळ्यात वजनदार नाव. नेचर हे साप्ताहिक १८६९ मध्ये त्यांनीच सुरू केलं होतं आणि तेच त्याचे संपादक होते.

त्यांचं म्हणणं पडलं की भारतासारख्या देशात नुसती प्रयोगशाळा कशाला, स्पेक्ट्रोस्कोपिक वेधशाळाच उभारा. या सल्ल्याला भक्कम कारण होतं. मृगातला मोठा तेजोमेघ, ज्याला इंग्रजीत ओरायन नेब्युला म्हणतात, तो लंडनच्या आकाशात कधीही क्षितिजापासून साधारण ३३ अंशांच्या वर जात नाही. पुण्यात तो ६६ अंशांपर्यंत चढतो. हिशोब केला तर लंडनमध्ये त्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या १.८ पट जाडीतून येतो, पुण्यात फक्त १.१ पट. म्हणजे तीच दुर्बीण पुण्यात जास्त काम करते. हार्डवेअर तेच, जागा बदलली की परफॉर्मन्स बदलला.

मुंबईपेक्षा पुण्याची हवा वेधांना बरी, म्हणून प्रकल्प पुण्याला हलला. १८८५ मध्ये नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. हे कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी. तिथल्या आवारात वेधशाळा बांधली गेली आणि १८८८ मध्ये सुरू झाली. देणगीदाराच्या नावावरून तिचं नाव पडलं महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा.

भिंग नको, आरसा हवा

मुख्य दुर्बीण आली डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातून. आज ती २० इंची ग्रब परावर्तक म्हणून ओळखली जाते, आणि त्या काळात ती भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती.

परावर्तक म्हणजे प्रकाश गोळा करायला पुढे भिंग नाही, तर नळीच्या तळाशी अंतर्गोल आरसा. न्यूटनच्या रचनेत हा आरसा प्रकाश परत वर पाठवतो, वाटेत एक छोटा तिरपा सपाट आरसा तो बाजूला वळवतो, आणि तिथे आयपीस बसतो. आज आठ-दहा हजारांना मिळणाऱ्या छोट्या न्यूटोनियनपासून मोठ्या डॉब्सोनियनपर्यंत सगळ्यांचा नकाशा हाच.

स्पेक्ट्रोस्कोपीसाठी आरशाचा एक खास फायदा असतो. भिंगातून जाताना प्रकाश वाकतो, पण सगळे रंग सारखे वाकत नाहीत. निळा जास्त, लाल कमी. त्यामुळे प्रत्येक रंगाचा फोकस थोड्या वेगळ्या अंतरावर येतो. दोन काचांची जोडी लावून हा दोष कमी होतो, जात नाही. नुसतं डोळ्याने चंद्र बघायचा असेल तर कडेला जांभळी झालर दिसते आणि आपण सोडून देतो. पण स्पेक्ट्रोस्कोपमध्ये प्रकाश एका अरुंद फटीतून जावा लागतो. हिरवा प्रकाश फटीवर नीट फोकस केला तर निळा पसरतो आणि त्याचा बराच भाग फटीबाहेर सांडतो. मग वर्णपटात निळा कमी दिसला तर तो ताऱ्यात कमी आहे की फटीवर सांडला, हे कळायला मार्ग नाही. आरसा हा घोळच घालत नाही. परावर्तनाचा कोन रंगावर अवलंबून नसतो, सगळे रंग एकाच बिंदूत.

शिवाय आरसा स्वस्त पडतो. भिंगाला आतून निर्दोष काच लागते आणि जोडीच्या मिळून चार पृष्ठभाग घासावे लागतात. आरशाला एकच पृष्ठभाग, आणि काचेच्या पोटात एखादा बुडबुडा असला तरी बिघडत नाही, कारण प्रकाश आत शिरतच नाही.

काचेवरची चांदी

मग सगळे आधीपासून आरसेच का वापरत नव्हते? कारण आरसा धातूचा असायचा. तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा घासून चकचकीत करायचे. तो पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम दोन तृतीयांश भाग परत पाठवायचा आणि काही काळाने काळवंडायचा. काळवंडला की पुन्हा पॉलिश, आणि पॉलिश करताना आरशाचा आकारच बदलायचा धोका. ग्रब कुटुंबानेच १८६० च्या दशकात मेलबर्नसाठी ४८ इंची धातूच्या आरशाची दुर्बीण बनवली होती, आणि तिची मोठी दुखणी होती ती आरशाच्या पॉलिशचीच.

सुटका झाली ती १८५० च्या दशकाच्या शेवटी. जर्मनीत श्टाइनहाइल आणि फ्रान्समध्ये फूको यांनी काचेच्या आरशावर चांदीचा पातळ थर चढवायला सुरुवात केली. चांदीच्या नायट्रेटचं अमोनिया घातलेलं द्रावण घ्यायचं, त्यात साखरेसारखा पदार्थ घालायचा, की काचेवर चांदी आपोआप बसते. खुबी अशी की आकार काचेचा आणि चमक चांदीची. दोन कामं वेगळी झाली. चांदी काळी पडली तर ॲसिडने धुऊन नवी चढवा, खालचा आकार जसाच्या तसा. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या भागाला वरचेवर बदलावं लागतं तो भाग वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढला.

या तंत्राने केवढा फरक पडला ते बघा. १८८३ मध्ये लंडनजवळ ए. ए. कॉमन नावाच्या गृहस्थांनी चांदी चढवलेल्या ३६ इंची काचेच्या आरशाने मृगाच्या तेजोमेघाचा असा फोटो काढला, की डोळ्याला न दिसणारे तारे त्यात उमटले. कॉमन पेशाने सॅनिटरी इंजिनिअर होते आणि खगोल ही त्यांची हौस. पुढच्याच वर्षी त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

पुण्याची दुर्बीणही याच पिढीतली. पण चांदीला गंधक आणि ओलावा चालत नाही. आपल्याकडे चार महिने पावसाळा, त्यामुळे आरशाची देखभाल हे कायमचं काम. आज आपण वापरतो त्या आरशांवर ॲल्युमिनियमचा थर असतो, तोही निर्वातात चढवलेला आणि वर संरक्षक आवरण दिलेला. हे तंत्र १९३० च्या दशकात आलं. तोवर ज्याच्याकडे आरसा त्याच्याकडे चांदीच्या बाटल्याही हव्यातच.

मोठा आरसा नेमकं काय देतो?

दुर्बीण घेताना पहिला प्रश्न असतो, किती पट मोठं दिसतं? खरं तर विचारायचं ते हे, की किती प्रकाश गोळा होतो?

अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. २० इंच म्हणजे ५०८ मिलिमीटर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ५०८ ला ७ ने भागा आणि वर्ग करा. उत्तर येतं ५,२०० च्या वर. म्हणजे ताऱ्याचा प्रकाश डोळ्यापेक्षा पाच हजार पटींहून जास्त. आज हौशी लोकांत लोकप्रिय असलेली ८ इंची डॉब्सोनियन साधारण ८४० पट गोळा करते.

दुसरी गोष्ट बारकावा. २० इंची आरसा कागदावर ०.२३ सेकंद अंतरावरचे दोन तारे वेगळे दाखवू शकतो. इथला सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. पण हवेच्या थरथरीमुळे प्रत्यक्षात बहुतेक रात्री एक-दोन सेकंदांच्या खाली जाता येत नाही. म्हणून मोठ्या आरशाची खरी कमाई प्रकाशाची असते. स्पेक्ट्रोस्कोपला तर प्रकाशाची भूक फार मोठी, कारण ताऱ्याचा एक ठिपका पसरून लांबच लांब पट्टी करायची असते. ५०० रुपयांची नोट मोडून हजार जणांत वाटावी तसं. आधी गल्ल्यात भरपूर असावं लागतं.

लॉकियरचा दावा

आता त्या हिरव्या रेषेकडे येऊ. १८६४ मध्ये इंग्लंडचे विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश फोडला. ताऱ्यासारखी सलग रंगीत पट्टी येईल असं वाटत होतं. आल्या सुट्या रेषा, त्यात सगळ्यात ठळक हिरवी. सुट्या रेषा म्हणजे विरळ तापलेला वायू. तेजोमेघ हे दूरच्या ताऱ्यांचे पुंजके नसून काही तरी वायूसारखे आहेत हे एका नजरेत कळलं. पण ही हिरवी रेषा कुठल्या मूलद्रव्याची ते कुणालाच सांगता येईना. पृथ्वीवरच्या कशाशीही ती जुळत नव्हती.

१८८७ च्या सुमारास लॉकियर यांनी एक मोठा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते विश्वातलं जवळजवळ सगळं उल्कांच्या थव्यांतून घडलेलं आहे. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्का, आणि त्या आदळण्यातून निघालेली वाफ चमकते. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असतं. जळणाऱ्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात जवळपास त्याच जागी एक हिरवा पट्टा दिसतो. म्हणून तेजोमेघाची हिरवी रेषा म्हणजे त्या पट्ट्याचा उरलेला अवशेष, असा त्यांचा दावा होता.

हा दावा तपासायचा कसा? पहिला उपाय म्हणजे दोन्हींची जागा मोजणं. पण फरक एका नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी होता. त्यात पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि तेजोमेघालाही स्वतःचा वेग असतो. डॉपलर परिणामामुळे एवढ्या वेगाला रेषा ०.०५ नॅनोमीटरपर्यंत सरकते. म्हणजे मोजायचा फरक आणि सरकण्याचा गोंधळ जवळपास एकाच मापाचे. त्यामुळे जागेवरून वाद चालूच राहिला.

दुसरा उपाय आकाराचा. मॅग्नेशियमचा पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. लाल रंगाकडची कड तीक्ष्ण आणि निळ्याकडे तो हळूहळू विरत जातो, धुरासारखा. लॉकियर बरोबर असतील तर तेजोमेघाची रेषाही एका बाजूला विरलेली दिसायला हवी. आणि इथे गंमत अशी की डॉपलरने रेषा सरकते, पण तीक्ष्ण कड धूसर होत नाही. वेग काहीही असो, आकार साक्ष देतो.

दोन्ही कडा तीक्ष्ण

हे ऐकायला सोपं, बघायला अवघड. स्पेक्ट्रोस्कोपमधली रेषा म्हणजे खरं तर त्या फटीचं त्या रंगातलं चित्र. फट रुंद ठेवली तर रेषा जाड आणि उजळ, पण कडेचा बारीक फरक त्यात बुडतो. फट अरुंद केली तर कड दिसते, पण प्रकाश इतका कमी होतो की डोळ्याला दिसेनाशी होते. आरसा धूसर असेल, फोकस किंचित ढळला असेल, दुर्बिणीचं घड्याळयंत्र आकाशाच्या गतीशी जुळत नसेल, तर साक्ष बिघडली. अंधाराला सरावलेल्या डोळ्याने मिणमिणती रेषा बघायची आणि तिची डावी कड उजव्या कडेसारखीच आहे का ते ठरवायचं.

नायगमवालांनी पुण्यातून मृगाच्या तेजोमेघाची ही रेषा तपासली आणि १८९१ मध्ये त्यांचं टिपण रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापून आलं. निष्कर्ष सरळ होता. रेषा दोन्ही बाजूंनी तीक्ष्ण आहे, कुठल्याही बाजूला विरत नाही. म्हणजे तो मॅग्नेशियमचा पट्टा नव्हे.

ज्यांच्या सल्ल्याने ही वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धांताच्या मुळाशी हे होतं. लॉकियर हे नेचरचे संपादक, इंग्लंडच्या विज्ञानातली मोठी असामी. नायगमवाला वसाहतीतल्या एका कॉलेजातले तिशीतले प्राध्यापक. दिसलं ते न छापणं सोपं होतं. त्यांनी छापलं. याच सुमारास हगिन्स आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेतले जेम्स कीलर यांची मोजमापंही लॉकियरच्या विरोधात गेली आणि मॅग्नेशियमची बाजू कोसळली. पुण्याची साक्ष एकटीने निकाल लावणारी नव्हती, पण ती स्वतंत्र होती, आणि विज्ञानात अशा स्वतंत्र साक्षीलाच किंमत असते.

मग रेषा कशाची? कित्येक वर्षं नेब्युलियम नावाचं एक काल्पनिक मूलद्रव्य धरून काम चालवलं गेलं. शेवटी १९२७ मध्ये अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी उलगडा केला. रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनची निघाली, फक्त त्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले. अशा अणूला ही विशिष्ट उडी मारायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत तोपर्यंत दुसरा अणू येऊन धडकतो आणि उडी राहून जाते. तेजोमेघ इतका विरळ की तिथे अणूला निवांत वेळ मिळतो. म्हणून पृथ्वीवर ती रेषा कुणाला सापडत नव्हती. ओ-थ्री हे नाव याच ऑक्सिजनचं.

जेऊर आणि विजयदुर्ग

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरली आणि ईशान्येकडे गेली. पुण्यात तेव्हा प्लेगचे दिवस होते. तरीही नायगमवाला आपली उपकरणं घेऊन पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या जेऊरला गेले. हे गाव करमाळा तालुक्यात आहे. लिक वेधशाळेच्या विल्यम कॅम्पबेल यांचा अमेरिकन तळही जेऊरलाच होता, आणि जपानी तुकडीही. लॉकियर स्वतः त्याच दिवशी विजयदुर्गला होते. म्हणजे रेषेच्या वादातले दोघे एकाच सावलीच्या वाटेवर, काही मिनिटांच्या फरकाने तोच सूर्य बघत होते.

खग्रास अवस्था जेऊरला सुमारे दोन मिनिटांची. या दोन मिनिटांच्या दोन्ही टोकांना एक क्षण असा येतो, की सूर्याची तबकडी झाकलेली आणि तिच्यावरच्या वायूचा पातळ थर चंद्रकोरीसारखा उघडा. त्या एक-दोन सेकंदांत वर्णपटातल्या काळ्या रेषा उलटून चमकदार होतात. याला फ्लॅश स्पेक्ट्रम म्हणतात. कॅमेऱ्यापुढे नुसता लोलक ठेवला तरी चालतं, वेगळी फट लागत नाही, कारण ती बारीक कोरच फटीचं काम करते आणि प्रत्येक रंगात तिची एकेक कमान उमटते. नायगमवालांचं जेऊरचं काम वर्णपटांचंच होतं. त्याचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेचा पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला.

जाता जाता एक गैरसमज. विजयदुर्गला हेलियमचा शोध लागला असं आपण नेहमी ऐकतो, आणि तिथले साहेबांचे ओटे त्याची खूण म्हणून दाखवले जातात. पण सूर्यातली हेलियमची पिवळी रेषा गाजली ती १८६८ मध्ये. त्या ऑगस्टच्या ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियरनी ऑक्टोबरमध्ये आपली निरीक्षणं इंग्लंडमधून, ग्रहण नसताना केली. विजयदुर्गला ते आले ते ३० वर्षांनी. तोवर, १८९५ मध्ये, हेलियम पृथ्वीवरही सापडला होता.

१९१२: बस फॅक्टर एक

सॉफ्टवेअरच्या टीममध्ये बस फॅक्टर नावाचा एक कडवट हिशोब असतो. टीममधली किती माणसं उद्या अचानक नाहीशी झाली तर प्रोजेक्ट ठप्प होईल? उत्तर एक असेल तर प्रोजेक्ट धोक्यात आहे.

तख्तसिंहजी वेधशाळेचं उत्तर एकच होतं. पैसे उभे करणारे, यंत्र निवडणारे, वेध घेणारे, लिहिणारे सगळे नायगमवालाच. त्यांच्या मागे काम चालवणारी दुसरी फळी उभी राहिली नाही. १८९९ पासून दक्षिणेत कोडाईकनालला सरकारची सौर वेधशाळा होती, तिच्यामागे सरकारी खातं होतं, पगारी कर्मचारी होते. १९११ मध्ये कॉलेज ऑफ सायन्सचं नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, आणि वेधशाळा बंद करण्यात आली. उपकरणं खोक्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाली. तिथे ती दुर्बीण भावनगर दूरदर्शी म्हणून ओळखली गेली. नायगमवाला पुढे २६ वर्षं जगले, १९३८ मध्ये गेले.

आरसा तोच, ग्रबची बांधणी तीच. पण पुण्यात १८८८ ते १९१२ या २४ वर्षांत दुर्बिणीमागे जो माणूस होता, तो खोक्यात भरता येत नव्हता. विद्यार्थ्यांची एक पिढी त्या फटीवर डोळा ठेवायला शिकली असती, तर पुण्यातलं खगोलभौतिकीचं काम तुटलं नसतं. पुण्यात हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये सुरू झाली आणि ती आजही चालू आहे, कारण ती एका माणसावर किंवा एका आरशावर उभी नाही.

आज तीच रेषा बघायची असेल तर

हिवाळ्यात मृग वर आला की त्याच्या पोटातले तीन ठळक तारे, म्हणजे बाण, शोधा. त्याच्या थोडं दक्षिणेला फिकट ठिपक्यांची एक उभी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका जरा धुरकट दिसतो, तोच तेजोमेघ. भिवंडीतून साध्या द्विनेत्रीतही तो सापडतो.

सहा किंवा आठ इंची न्यूटोनियन असेल तर कमी पॉवरच्या आयपीसला ओ-थ्री फिल्टर लावा. आकाश काळं होतं आणि तेजोमेघाचे पंख लांबवर पसरलेले दिसतात. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांवर हे फिल्टर फार छान चालायचे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्यामुळे त्यातला थोडा आत येतोच, तरी फरक स्पष्ट असतो. फरक आणखी वाढवायचा तर कल्याणहून कर्जत लोकलने वांगणी गाठा. मुंबई-ठाण्याकडची हौशी मंडळी वर्षानुवर्षं रात्रीच्या निरीक्षणाला तिथे जातात.

पुढची पायरी म्हणजे आयपीसच्या धाग्यात बसणारी छोटी ग्रेटिंग. मिलिमीटरला १०० रेषांची, फिल्टरच्याच आकाराची. तिच्यातून तारा बघितला की बाजूला त्याची रंगीत पट्टी दिसते. छोटे, तेजस्वी ग्रहाकार तेजोमेघ बघितले तर पट्टीऐवजी सुटे ठिपके दिसतात, आणि सगळ्यात ठळक ठिपका त्याच हिरव्या रेषेचा.

आरशाचं म्हणाल, तर पावसाळ्यात नळीची दोन्ही तोंडं बंद ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका, आणि धूळ दिसली म्हणून फडक्याने पुसू नका. ओरखडा धुळीपेक्षा वाईट. आणि एक काम नायगमवालांच्या वेधशाळेकडे बघून करा. शेजारच्या दोन पोरांना दुर्बीण जुळवायला, फोकस करायला आणि दिसलेलं तारीख-वेळेसह वहीत उतरवायला शिकवा. तुम्ही गावाला गेलात तरी त्या रात्री कुणीतरी आयपीसला डोळा लावलेला असेल.